तळघरातले रातकिडे

आई,

परवा तू फोनवर विचारलंस ना, की बाहेर एवढा बर्फ आणि मागे रातकिडे कसले किरकिरतायत, तेव्हा मी टीव्ही म्हणून वेळ मारून नेली. टीव्ही नव्हता गं. घरचेच आहेत, तळघरात डब्यात, दोनेकशे तरी असतील. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

चिनूने पाल पाळलीये हे तुला माहितीये (लेपर्ड गेको, भिंतीवर चढत नाही आणि चक्क पापण्या मिटून झोपते). तिकडे आपण पालीमागे केरसुणी घेऊन धावायचो आणि इथे मी तिच्या जेवणाचं बघते. तिला किडा जिवंतच लागतो, दुकानात महाग, त्यात कॅलगरीत उणे 25 असताना आणले तर घरी येईस्तोवर निम्मे गारठून मेले, मग म्हटलं आपणच पैदास करू.

पहिली खेप वाया गेली. बशीत पाणी ठेवलं तर पिल्लं त्यात बुडाली, उरलेल्यांचा डबा दमट राहिला, झाकण काढलं की न झाडलेल्या गोठ्यासारखा वास डोळ्यांत जायचा, आणि दोन दिवसांत सगळे खलास. आता ओला स्पंज, गाजराच्या चकत्या, झाकणाला जाळी आणि आत अंड्यांचे ट्रे उभे लावलेत. खायला कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, बाबा चिपळूणहून आणतात तसलंच. कमी पडलं तर एकमेकांना खातात मेले.

मादीच्या मागे दाभणासारखी नळी असते, ती आइस्क्रीमच्या डब्यात भरलेल्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) खुपसून अंडी घालते, तो डबा उजेडात धरला की कडेला तांदळाची बारीक कणी सांडल्यासारखी दिसतात. खाली हीटिंग मॅट लावून 30 डिग्री ठेवलं की 10-12 दिवसांत मुंगीएवढी पिल्लं, आणि दीड-दोन महिन्यांत पंख फुटून गायन सुरू.

ओरडतात फक्त नर, पंखावर पंख घासून. निखिलची झोप मोडली की तो खाली जाऊन सगळ्यात जोरात ओरडणारा हुडकतो, मग दुसऱ्या दिवशी पालीला तोच, आधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून, तू बांगडा रव्यात घोळवतेस तसा.

आत्ता सांगतेय कारण मे महिन्यात तू आलीस की तुझा पलंग तळघरातच लागणार आहे. डबा वॉशिंग मशीनच्या बाजूला सरकवेन, पण आवाज येणारच.

तुझी,
सोनू