विमानाचे मैल कमावणारा माणूस गेला तरी मैल घरच्यांना मिळायला हवेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बँकेत खातं उघडायला गेलं की नॉमिनी कोण हा प्रश्न येतोच, एफडीला येतो, लॉकरला येतो, पीएफला, विम्याला, म्युच्युअल फंडाला पण येतो. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, नॉमिनीसाठीचे डीए-१ फॉर्म भरून घेण्यात आणि मयत खातेदारांचे क्लेम सेटल करण्यात गेली, म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा आहे. आता तर १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला एक सोडून चार नॉमिनी लावता येतात. आणि विमान कंपन्यांच्या फ्रिक्वेंट फ्लायर खात्यात, म्हणजे नेहमी उडणाऱ्यांच्या बक्षीस खात्यात, जे मैल किंवा पॉइंट जमा असतात, ज्यावर अख्खं अमेरिकेचं तिकीट निघू शकतं, त्याचं माणूस गेल्यावर काय होतं हे घरात कोणालाच माहीत नसतं. याबद्दल आपल्या पेपरात काही आलेलं माझ्या तरी वाचनात नाही म्हणून हे पत्र.

कोणी म्हणेल हा मुंबई-दिल्लीवाल्यांचा प्रश्न, इंदूरला काय त्याचं. तसं राहिलेलं नाही. जुलै २०१९ मध्ये इथून दुबईचं थेट विमान सुरू झालं, त्याच्या आधीपासूनच सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांची मुलं आणि पिथमपूरचे इंजिनिअर लोक दिल्ली-मुंबईमार्गे जर्मनी, जपान, अमेरिका करतच होते. आणि मैल काही फक्त उडूनच मिळतात असं पण नाही, बँकेच्या क्रेडिट कार्डावर किराणा भरा, पेट्रोल भरा, पॉइंट जमा होतात आणि ते विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर कुठंही विचारा, ज्या घरातली मुलं बाहेर आहेत त्या बहुतेक घरात असं एखादं खातं निघतं.

आता नियम काय म्हणतात ते बघा. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली अमेरिकन एअरलाइन्सनं, १९८१ मध्ये. त्यांच्या अटींमध्ये लिहिलंय की मैल दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, मृत्यूनंतरही नाहीत, पण मृत्युपत्रात ज्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे आणि ते कोर्टातून मंजूर झालेलं आहे त्याला कंपनी आपल्या मर्जीनं ते देऊ शकते. युनायटेडचं पण असंच, देणं न देणं कंपनीच्या हातात. डेल्टा तर सरळच सांगते की मेंबर गेला तर मैल कोणालाच जाणार नाहीत, २०१३ पासून त्यांनी तो दरवाजा बंद केला. म्हणजे एकच माणूस तीन कंपन्यांनी उडाला असेल तर त्याच्या बायकोला वेगवेगळी उत्तरं, आणि त्यात हक्काचं असं एकही नाही. अटी मधूनमधून बदलत असतात त्यामुळं आपापल्या कंपनीच्या आजच्या अटी वाचून घ्याव्यात हे वेगळं सांगायला नको.

आमच्या शेजारच्या गल्लीतल्या वहिनींचं सांगतो. त्यांचे मिस्टर पिथमपूरला एका मोठ्या कारखान्यात मशिनरी खरेदीचं बघायचे, वर्षानुवर्षं जर्मनीच्या फेऱ्या, दिवाळीला घरी नाहीत असं कितीदा झालं. गेल्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. मुलगी टोरांटोला, तिचं बाळंतपण जवळ आलेलं, आणि वहिनींना आठवलं की हे नेहमी म्हणायचे, रिटायर झाल्यावर आपण दोघं या मैलांवर तिच्याकडे जाऊ. त्यांच्या फोनमधल्या अ‍ॅपवर दीड लाखाच्या वर मैल दिसत होते. वहिनी सरळ मनाच्या, त्यांनी स्वतःहून कंपनीला कळवलं, डेथ सर्टिफिकेट जोडलं, आधार जोडलं, लग्नाचा दाखला जोडला, मीच बसून ईमेल लिहून दिला होता. उत्तर आलं, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, अटींप्रमाणे खातं बंद करण्यात येत आहे. वहिनींनी अ‍ॅप उघडलं तर तिथं शून्य. ज्या ईमेलनं मागणी केली त्याच ईमेलनं मैल गेले. मग त्यांनी सासूबाईंच्या औषधपाण्यासाठी ठेवलेली एफडी मोडून तिकीट काढलं आणि गेल्या. मी त्या कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला एका कंपनीशी भांडायचं नाही, हा प्रश्न सगळ्यांचा आहे.

कंपन्यांचं म्हणणं असं की मैल ही बक्षिसी आहे, मेंबरची मालमत्ता नाही, अटींमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. हे मला मुळीच पटत नाही आणि का पटत नाही ते बँकेच्या भाषेत सांगतो. २०२० मध्ये कोविडमुळं विमानं जमिनीवर उभी होती, कंपन्यांकडे पगाराला पैसे नव्हते, तेव्हा युनायटेडनं आपला मायलेजप्लस हा मैलांचा कार्यक्रम तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, डेल्टानं स्कायमाइल्सवर ९०० कोटी डॉलर, आणि २०२१ मध्ये अमेरिकननं आपल्या कार्यक्रमावर १,००० कोटी डॉलर. तारण म्हणून विमानं दिली नव्हती, हा मैलांचा धंदा दिला होता, कारण बँका कार्डवाल्यांना वाटायला विमान कंपन्यांकडून मैल रोख पैसे देऊन विकत घेतात आणि तो पैसा वर्षभर येत राहतो. मी इतकी वर्षं कर्जाच्या फायली बघितल्या, ज्या गोष्टीला किंमत नाही तिच्यावर कोणी एक रुपया देत नाही. मग सावकारासमोर जे तारण आहे ते विधवेसमोर नुसती बक्षिसी कसं होतं?

हिशेबाचं पण तेच. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ नावाचं अकाउंटिंग स्टँडर्ड आहे, त्यात लॉयल्टी पॉइंट देणाऱ्या कंपनीला तिकिटाच्या पैशातला काही हिस्सा त्या पॉइंटांच्या नावानं बाजूला काढून ताळेबंदात देणं म्हणून दाखवावा लागतो. तिकीट शंभर रुपयांचं असेल तर सगळे शंभर आजचं उत्पन्न नाही, त्यातले काही रुपये पुढं द्यायच्या सेवेचे आहेत, असं कंपनी स्वतः पुस्तकात लिहिते. मेंबरनं पॉइंट वापरले की ते देणं फिटतं. पॉइंट बुडाले तर तेच पैसे उत्पन्नात जातात. म्हणजे वहिनींच्या मिस्टरांनी, किंवा त्यांच्या कारखान्यानं म्हणा, जे पैसे आगाऊ भरले होते त्याची सेवा कोणालाच न देता ते उत्पन्नात गेले. बँकेत मयताच्या खात्यात दहा वर्षं पैसे पडून राहिले तर ते बँकेचा नफा होत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात आणि वारस कधीही येऊन मागू शकतो, शोधायला २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल पण आहे. शेअरचा डिव्हिडंड सात वर्षं पडून राहिला तर सरकारच्या फंडात जातो, तोही परत मागता येतो. आणि इथं एका ईमेलवर सगळं संपतं.

कारखान्याचा विषय निघालाच आहे तर तेही लिहितो, कारण काही जण हेच विचारतात की तिकिटाचे पैसे ऑफिसनं भरले तर मैल घरच्यांचे कसे. ऑफिसनं स्वतः मागितले तर तो नोकर-मालकातला हिशेब झाला, विमान कंपनीचा त्यात संबंध नाही, तिनं खातं त्या माणसाच्या नावावर उघडलं होतं. आणि रात्रीची विमानं, घरापासून लांबचे आठवडे, ते सगळं त्या माणसानं आणि त्याच्या घरच्यांनी सोसलंय.

दुसरी अडचण सांगतात ती फसवणुकीची, की कोणीही खोटा वारस बनून येईल. अहो, बँकेत रोज हेच काम चालतं. डेथ सर्टिफिकेट, नॉमिनीचं केवायसी, नॉमिनी नसेल तर वारस दाखला किंवा अ‍ॅफिडेव्हिट आणि इंडेम्निटी बाँड म्हणजे नुकसान झालं तर भरून देण्याचं हमीपत्र, ठराविक रकमेपर्यंत कोर्टाची पण गरज पडत नाही. लाखो रुपयांचे क्लेम असे सुटतात. आणि पॉइंट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेणं तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे असं तर कोणी म्हणूच नये, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराच्या मेंबरांचे पॉइंट एअर इंडियाच्या कार्यक्रमात आलेच की. कंपनी संपली तर पॉइंट पुढं जातात, माणूस संपला तर नाही, याला काय अर्थ आहे!

गुगलनं २०१३ मध्येच सोय केली की आपलं खातं बरेच दिवस बंद दिसलं तर आपण ठरवलेल्या माणसाला माहिती मिळावी. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये फोनमध्ये वारस नेमायची सोय दिली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पण कलम १४ आहे, आपल्या मृत्यूनंतर आपल्या डेटाचे हक्क कोणी वापरायचे त्याला नॉमिनेट करायची तरतूद आहे. म्हणजे विमान कंपनीकडे माझा जो मोबाइल नंबर आहे त्याला नॉमिनी चालतो आणि त्याच कंपनीकडे माझे जे मैल आहेत त्याला नाही.

माझी मागणी सोपी आहे. डीजीसीए ही विमान कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था तिकिटाच्या रिफंडचे नियम करते, बोर्डिंग नाकारलं तर भरपाई किती ते ठरवते, तिनंच भारतात मेंबर करणाऱ्या प्रत्येक विमान कंपनीला सांगावं की खातं उघडताना नॉमिनी विचारा, आणि मेंबर गेल्यावर निदान एक वर्ष मैल गोठवून ठेवा, बुडवू नका. घरातला माणूस गेल्यावर पहिले काही महिने बँक, पेन्शन, महानगरपालिकेचे चक्कर यातच जातात, विमानाचं खातं कोणाच्या डोक्यातसुद्धा नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो बाकीच्या वारसांच्या वतीनं घेतो, हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीत परत एकदा स्पष्ट केलंय, त्यामुळं मुलं-आई-बायको यांच्यात वाद झालाच तर तो त्यांचा, कंपनीला त्याची काळजी नको. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्यायकारक कराराविरुद्ध राज्य ग्राहक आयोगात जायची तरतूद आहे, म्हणजे आपल्यासाठी भोपाळला. कोणीतरी ही केस तिथं लढवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

नियम होईल तेव्हा होईल, तोवर घरातल्या घरात करण्यासारखं बरंच आहे. मैल साठवून ठेवूच नका, वापरा, बहुतेक कंपन्यांत आपल्या मैलांवर बायको-मुलांचं तिकीट आपण जिवंतपणी काढू शकतो. काही ठिकाणी घरच्यांचे मैल एकत्र करता येतात, युनायटेडनं २०२४ मध्ये पाच जणांपर्यंत ती सोय दिली, ब्रिटिश एअरवेजमध्ये ती आधीपासून आहे. मृत्युपत्र करत असाल तर घर, दागिने, एफडी यांच्या खाली मैलांच्या खात्याची कंपनी, मेंबर नंबर आणि ते कोणाला जावेत हे एक ओळ लिहा, कारण जिथं कंपनी देते तिथं हाच कागद मागते. क्रेडिट कार्ड बंद करायचा अर्ज देताना त्याच अर्जात पॉइंटांचं काय करणार हे लेखी विचारा, तोंडी विचारून उपयोग नाही. आणि गेलेल्या माणसाचा पासवर्ड टाकून मैल उडवायचा सल्ला पुष्कळ लोक देतात, तो ऐकू नका, अटी मोडल्या म्हणून कंपनी तिकीट रद्द करू शकते आणि म्हातारं माणूस परदेशातल्या एअरपोर्टवर अडकलं तर कोण धावणार.

मी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला पत्र पाठवतोय, त्यात वहिनींच्या परवानगीनं त्यांची केस नाव न घालता जोडतोय. एका केसनं फार काही होणार नाही हे मला माहीत आहे. इंदूर, देवास, उज्जैन, महू इकडच्या ज्या वाचकांना असा अनुभव आला असेल त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवावी आणि आपल्या पेपरला पण कळवावं. अर्ज लिहिता येत नसेल तर मी लिहून देईन, राजेंद्र नगरात संध्याकाळी मी घरीच असतो, पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. येताना डेथ सर्टिफिकेटची कॉपी, मेंबर नंबर, शेवटचं स्टेटमेंट आणि कंपनीचं उत्तर आलं असेल तर त्याची प्रिंट आणावी.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
राजेंद्र नगर, इंदूर