हाय अलर्ट म्हणजे नक्की करायचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात परत ठळक अक्षरात "हाय अलर्ट" वाचलं आणि राहवेना म्हणून लिहायला बसलो. मी बरीच वर्षं बस डेपोत काढली, आधी कंडक्टर, मग कंट्रोलर, आणि तेवढ्या काळात असे अलर्ट किती आले न् गेले त्याची मोजदाद नाही. सर्क्युलर यायचं, "सर्व कर्मचाऱ्यांनी सतर्क राहावे", ते बोर्डावर लागायचं, आम्ही सह्या ठोकायचो, विषय संपला. एकदा एक ड्रायव्हर सही करता करता म्हणाला, "साहेब, आजपासून सतर्क, म्हणजे कालपर्यंत मी झोपेत गाडी हाणत होतो का?" सगळे हसले, मीपण हसलो, पण त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ज्याने सर्क्युलर काढलं त्याच्याकडेही असेल असं वाटत नाही.

धोका किती आहे हे सांगणं एक आणि माणसाला काम नेमून देणं दुसरं. आपल्याकडे पहिलं केलं की दुसरं आपोआप झालं असं धरून चालतात.

माझा एक चुलतभाऊ मालवाहू जहाजावर होता, त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा खरंतर हेवा वाटला. जहाजं आणि बंदरांसाठी १ जुलै २००४ पासून आयएसपीएस कोड नावाचा सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे, त्यात धोक्याच्या फक्त तीन लेव्हल. आणि प्रत्येक जहाजाच्या सिक्युरिटी प्लॅनमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं की एकची दोन झाली तर गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीवर, पहारा किती वाढवायचा, वर येणाऱ्या माणसांची आणि सामानाची तपासणी किती कडक करायची, कुठले दरवाजे बंद. खलाशाला गुप्तचर खात्याचं ज्ञान पाजळायची गरज नाही, लेव्हल बदलली की आपण कुठे उभं राहायचं ते त्याला पाठ असतं. हेच बसच्या कंडक्टरला, स्टेशनवरच्या झाडूवाल्याला, पार्किंगच्या पोराला का सांगता येऊ नये? झाडूवाला तर जागेचा कोपरान् कोपरा ओळखतो, कुठली वस्तू कालपर्यंत तिथे नव्हती हे त्याच्याइतकं कुठल्या कॅमेऱ्यालाही कळत नाही. पण मीटिंगला त्याला कोण बोलावतो.

उलटा नमुना बघायचा तर अमेरिकेचा. २००२ मध्ये त्यांनी धोका किती ते सांगायला पाच रंगांची पद्धत काढली, हिरवा म्हणजे सगळ्यात कमी ते लाल म्हणजे सगळ्यात जास्त. हिरवा आणि निळा कधी उजाडलेच नाहीत, देश आपला पिवळ्या आणि नारिंगीत अडकलेला आणि विमानप्रवासासाठी तर ऑगस्ट २००६ पासून शेवटपर्यंत नारिंगीच राहिला. म्हणजे विमानतळावर वर्षानुवर्षं तेच ऐकू येणार, मग कोण कान देणार? शेवटी २०११ मध्ये ते रंग मोडीत काढले आणि नवीन पद्धतीत इशाऱ्याला संपायची तारीख घालायचं ठरलं. ही तारखेची गोष्ट मला फार पटते. आमच्या बोर्डावरचं एक सर्क्युलर मी रिटायर झालो त्या दिवशीही तिथेच होतं, पिवळं पडलेलं.

आता कोणी म्हणेल पातळी कमी असली की निर्धास्त राहायचं का, तर तसंही नाही. ब्रिटनमध्ये मे २००५ मध्ये धोक्याची पातळी खाली आणली होती आणि ७ जुलैला लंडनच्या तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट होऊन ५२ जण गेले. तेव्हा ती पातळी लोकांना सांगतही नसत, १ ऑगस्ट २००६ पासून जाहीर करायला लागले. म्हणजे पातळी हा अंदाज आहे, गॅरंटी नव्हे, हेही प्रवाशाला सरळ शब्दांत सांगावं, लोक काही कुक्कुली बाळं नाहीत.

बेवारस बॅगेचं घ्या. आमच्याकडे बॅग दिसली की दोनच प्रकार, एकतर कोणीतरी बिनधास्त उचलून ऑफिसात आणून आपटायचं नाहीतर आख्खा स्टँड रिकामा. ब्रिटिश रेल्वेत कर्मचाऱ्यांना तीन प्रश्न शिकवलेले असतात: वस्तू मुद्दाम लपवलेली आहे का, वायर-बॅटरी-टेप असं काही उघड संशयास्पद दिसतंय का, आणि अशा वस्तू त्या जागी नेहमी सापडतात का. विसरलेली बॅग बहुतेक वेळा सीटवर सगळ्यांच्या डोळ्यासमोर पडलेली असते, तिला कोणी मुद्दाम लपवत नाही. आणि संशय आलाच तर हात लावायचा नाही, निदान १५ मीटर लांब गेल्याशिवाय वॉकीटॉकी वापरायचा नाही. पाच मिनिटात शिकवून होतं हो हे! मला नोकरीत एकदाही कोणी शिकवलं नाही.

आणि ती "संशयास्पद व्यक्ती आढळल्यास" वाली घोषणा. संशयास्पद म्हणजे काय ते सांगत नाहीत, मग लोक आपल्या मनाने ठरवतात आणि ठरवतात कशावरून तर कपडे, दाढी, भाषा. वागणं सांगा ना, जिथे जायला मनाई आहे तिथे घुटमळतोय, कॅमेरे आणि गार्डच्या ड्युटीची वेळ टिपून घेतोय, विचारलं तर उडवाउडवी करतोय, असं. नाहीतर बिचारा साधा प्रवासी लोकांच्या नजरा झेलत बसतो आणि खरा माणूस मजेत निघून जातो.

आता तुमच्याकडेही एक मागणं आहे साहेब. "हाय अलर्ट" छापताना निदान एवढं तरी विचारून छापा की कुठे, कधीपर्यंत, आणि प्रवाशाने आज वेगळं काय करायचं. कोणाला फोन करायचा तो नंबर बातमीच्या तळाशी बारीक टायपात नको, वर घ्या. आणि अलर्ट उठला की तेही छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आजवर अलर्ट उठल्याची बातमी माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

आपला,
एक निवृत्त बस कंट्रोलर