हातउसने देताना ‘नोट’ रिकामी सोडू नका

संपादक महोदय,
स. न.

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की हिंगणा रोडवरच्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांपासून बुटीबोरीच्या कारखान्यांपर्यंत एकच मेसेज फिरतो : ‘बे, पाचशे टाक ना, पगार झाला का देतो.’ दहा सेकंदांत पैसे पोचतात. २०१६ साली यूपीआय आले तेव्हापासून हातउसने देणे इतके सोपे झाले आहे की कोणाला किती दिले हे देणाऱ्याच्याही ध्यानात राहत नाही. मग एक म्हणतो पाच वेळा दिले, दुसऱ्याला तीनच वेळा आठवते, आणि त्यातले एकदाचे तर सावजीच्या बिलातला वाटा होता असे त्याचे म्हणणे. चांगली मैत्री दीड हजारासाठी तुटते, याचे फार वाईट वाटते.

‘मोबाइलमध्ये सगळे असतेच’ हा समज अर्धाच खरा आहे. पैसे कधी गेले, कोणाला गेले, हे यूपीआयच्या नोंदीत असते. कशासाठी गेले ते नसते. उसने, बिलाचा वाटा, जुनी परतफेड, वाढदिवसाची भेट, पासबुकात सगळे एकसारखेच दिसते. म्हणून रक्कम टाकल्यावर खाली ‘नोट’चा जो रकाना येतो, तो भरल्याशिवाय पिन दाबू नये. ‘मदत’, ‘ओके’ किंवा हसरा चेहरा टाकून काही साधत नाही. ‘हातउसने, परत ५ मार्च’ एवढे पुरे. बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटमध्ये ही नोट उमटते, पण लांबली तर कापली जाते. त्यामुळे ‘हातउसने’ हा शब्द आधी लिहावा, तारीख नंतर. अ‍ॅपमधल्या चॅटमध्ये लिहिलेला मजकूर वेगळा, तो बँकेच्या नोंदीत येत नाही.

एवढे केले तरी ते देणाऱ्याचेच लिहिणे झाले. घेणाऱ्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ यायला हवी : ‘तुझे ३,००० आज मिळाले, उसने घेतले, ५ तारखेला देतो.’ त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर जास्तीत जास्त ९० दिवसांत ही ओळ पुसली जाते, तेव्हा ती सोय आधी बंद करावी. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या पैशांसाठी दावा करायला पैसे दिल्यापासून ३ वर्षे मिळतात. ती संपण्याआधी घेणाऱ्याने देणे लेखी, सहीनिशी कबूल केले तर मुदत नव्याने मोजली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात मोबाइलमधल्या नोंदीही पुरावा म्हणून चालतात, मात्र कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. दोन-तीन हजारांसाठी कोणी कोर्टाची पायरी चढू नये, असेच आम्हाला वाटते. पण चॅट वर सरकवून ती ओळ दाखवता आली की आवाज चढायच्या आधीच विषय मिटतो.

यूपीआय लाइटमधून, म्हणजे अ‍ॅपमधल्या छोट्या रकमांच्या पाकिटातून, उसने देऊ नयेत. पिन लागत नाही म्हणून १,००० रुपयांपर्यंतची रक्कम तिथून सहज दिली जाते, पण बँकेच्या पासबुकात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद येते. त्यातून कोणाला किती गेले ते फक्त अ‍ॅपच्या इतिहासात राहते. फोन हरवला की शोधाशोध सुरू.

व्यवहार ‘पेंडिंग’ दिसला तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. दुहेरी पैसे जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. खात्यातून वजा झालेली रक्कम समोरच्याला मिळाली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तक्रारीसाठी त्या व्यवहाराचा १२ अंकी ओळख क्रमांक (यूटीआर) लागतो, तो जपून ठेवावा.

परतफेड मित्राच्या स्वतःच्या खात्यातूनच घ्यावी. ‘माझ्या ओळखीचा एक जण पाठवतो’ असे आले तर सरळ नाही म्हणा. ते पैसे कुठल्या सायबर फसवणुकीतले निघाले तर तुमच्या खात्यावर रोक लागू शकते, आणि ती उठवायला आठवडे जातात. पैसे मागणारा मेसेज आला की आधी फोन लावून आवाज ऐका. डीपीवरचा फोटो कोणीही लावू शकतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या आजी-आजोबांनाही पुन्हा पुन्हा सांगावे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा, एक तासही दवडू नये.

ओळखीत ‘शेकडा दोन’ने पैसे फिरवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे : परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे, मग पैसे यूपीआयने गेले तरी.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे, की हिशेबाच्या कटकटीला कंटाळून मित्र हात आखडता घेतात आणि अडलेला मुलगा सात दिवसांच्या कर्जाच्या अ‍ॅपकडे वळतो. कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधली संपर्कयादी घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. बेकायदा अ‍ॅप ती घेतातच आणि वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करतात. त्यापेक्षा मित्राचे पाचशे कितीतरी बरे.

आणि पैसे फिटल्यावर देणाऱ्यानेही लिहून द्यावे : ‘३,००० पूर्ण मिळाले, बाकी काही नाही.’ ही ओळ घेणाऱ्याच्या हक्काची आहे, ती मागायला त्याने मुळीच संकोच करू नये.

– बँकेतील निवृत्त कर्मचारी, प्रतापनगर, नागपूर