जपानच्या फाइलमागचे हात

कोल्हापुरातून जपानला शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या फायली ज्यांनी नाव न सांगता मार्गी लावल्या, त्या सगळ्यांचे जाहीर आभार.

पहिला मान नावं तपासणाऱ्यांचा. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की तिकडची शाळा खुलासा मागते. तुम्ही अर्जाआधीच पासपोर्टबरहुकूम सगळं जुळवून दिलंत.

दुसरं, पैशाचे कागद. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे ऊस पिकवणाऱ्या घरात दाखवायला रिटर्नच नसतो. खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम भरली तर शंका वाढते, कमी होत नाही. तुम्ही सातबारा, कारखान्याची ऊसबिलं, तहसीलदारांचा दाखला आणि पासबुकातल्या नोंदी यांचा मेळ घालून इंग्रजी भाषांतर करून दिलंत, तेही फुकट. (चहासुद्धा घेतला नाहीत, हे जरा अतिच.)

जपानी भाषेच्या परीक्षेत, सगळ्यात खालच्या एन ५ पातळीला, १८० पैकी ८० गुण लागतातच, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी १९ नसतील तर एकूण कितीही असोत, नापास. कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चित्राक्षरं, गिरवण्यात रमलेली मुलं इथंच अडकतात. रोज ध्वनिफिती ऐकवून घेणाऱ्या ताई, तुमचेही आभार.

आणि विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं, त्यात फी भागत नाही, हे पालकांना तोंडावर सांगणाऱ्या काकांचे तर विशेष.