एसीवर बर्फ धरतोय, त्याबद्दल

प्रिय आई, बाबा,
सा. न.

काल फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, की एसी चालू असतो पण वारा येत नाही, आणि जाळीच्या आत काहीतरी पांढरं दिसतंय. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर सांगितलेलं अर्धं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवते. सावकाश वाचा, पण पहिलं काम आजच करा.

ते पांढरं म्हणजे बर्फ आहे. रिमोटवरून कूलिंग बंद करा आणि फॅन मोड लावा, पंखा जोरात. कॉम्प्रेसर, म्हणजे गार करणारा गॅस फिरवणारा पंप, थांबेल, आतला पंखा खोलीतली हवा कॉइलवर, म्हणजे जाळीमागच्या गार नळ्यांवर, सोडत राहील आणि बर्फ वितळेल. कधी दोन-तीन तासांत वितळतो. थर जाड असला तर दिवससुद्धा जातो. पाणी बरंच पडेल, तेव्हा खाली बादली ठेवा आणि पलंग थोडा बाजूला घ्या. आतून खरखर घासल्यासारखा आवाज आला, किंवा पाणी बटणांच्या बोर्डाकडे ओघळू लागलं, तर पंखाही नको. थेट मेन स्विच बंद करा आणि बर्फ आपोआप वितळू द्या.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. स्क्रू-ड्रायव्हरने किंवा सुरीने बर्फ खरवडायचा नाही. कॉइलच्या त्या चकचकीत पट्ट्या अॅल्युमिनियमच्या असतात, बोटाच्या दाबानेही वाकतात, आणि त्यांच्यामधून गेलेल्या तांब्याच्या नळीला टोक लागलं तर सगळा गॅस बाहेर. गरम पाणीही ओतायचं नाही, आत विजेचं सर्किट आहे. आणि स्टुलावर चढायचं नाही. तुम्हाला सगळं स्वतःच्या हाताने केल्याशिवाय चैन पडत नाही हे मला माहीत आहे, पण एसी बिघडला तर दुरुस्त होईल. तुम्ही पडलात तर मला ते सहन होणार नाही.

उन्हाळ्यात बर्फ कसा, असं आईने विचारलं होतं. चालू एसीची कॉइल साधारण ५ ते १० अंशांवर असते. खोलीतली दमट हवा तिच्यावर आली की पाणी सुटतं आणि ड्रेनच्या नळीतून बाहेर जातं. कॉइल शून्याखाली गेली की तेच पाणी तिथल्या तिथे गोठतं. मग बर्फामुळे हवेची वाट बंद होते, हवा मिळाली नाही की कॉइल आणखी गार होते, आणि थर वाढतच जातो. असाच चालू ठेवला तर न उकळलेला गॅस द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे परततो आणि कॉम्प्रेसर खराब होतो. एसीतला सगळ्यात महागडा भाग तोच, म्हणून थोडा वेळ चालवून बघू, असंही नको.

कॉइल एवढी गार होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे फिल्टर धुळीने बसलेला असणं. पुढची जाळी उघडली की फिल्टर हातात येतो. उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसत नसेल तर तोच गुन्हेगार. नळाखाली धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचा, ओला परत बसवायचा नाही. रोज एसी लागतो त्या दिवसांत हे दर पंधरा दिवसांनी व्हायला हवं. काढण्या-घालण्याचं काम उंचीचं आहे, ते शेजारच्या कुणा तरुण मुलाकडून करून घ्या. आणि एसीसमोर पडदा किंवा कपाट येत असेल तर तेही हलवून घ्या.

बर्फ गेला, फिल्टर धुतला, तरी पुन्हा बर्फ धरला तर मेकॅनिक बोलवायचा. कॉइल किंवा ब्लोअर (आतला पंखा) आतून बरबटलेला असेल, कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडला असेल, किंवा गॅस कमी झाला असेल. सगळ्या कॉइलवर सारखा बर्फ असला तर बहुधा हवा कमी पडतेय, आणि एकाच बाजूला धरत असला तर गॅसचा संशय घ्यायचा. गॅस कमी झाला की दाब उतरतो, आणि दाब उतरला की गॅस आणखी कमी तापमानाला उकळतो, म्हणून कॉइल गोठते.

इथे मात्र ठाम राहा. गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्येच फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. मेकॅनिक आल्या आल्या 'गॅस भरावा लागेल' म्हणाला, तर आधी गळती शोधायला सांगा. नळ्यांच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात, कधी तिथे तेलकट डागही दिसतो. गळती बंद करायची, मग व्हॅक्यूम करायचं, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढायची, आणि नंतर एसीवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवर लिहिलाय तोच गॅस, लिहिलाय तेवढाच, वजन करून भरायचा. नुसता वरून भरून गेला तर काही दिवसांनी पुन्हा बर्फ.

रात्री १६-१८ वर लावून वर जाड पांघरूण घेणं आता सोडा. बाहेर गार झाल्यावर कॉइल गोठायला तेवढंही पुरतं. २५-२६ आणि सोबत छताचा पंखा, एवढ्यावर छान झोप लागते.

एसी बंद असेल तोवर उकाडा अंगावर काढू नका. वय झालं की तहान लवकर कळत नाही; आई, तू तर दुपारभर पाण्याला हात लावत नाहीस. थोड्या थोड्या वेळाने दोघांनी पाणी प्या, ओल्या फडक्याने हात-मान पुसत राहा. चक्कर आली, गळून गेल्यासारखं वाटलं, तर एसी सुरू व्हायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा आणि मला लगेच फोन करा, रात्र असली तरी.

मेकॅनिक येईल तेव्हा मला फोन लावून त्याच्या हातात द्या, त्याच्याशी मी बोलते. आणि एसीवरच्या त्या पट्टीचा फोटो आजच पाठवा, म्हणजे कोणता गॅस आणि किती, ते मला आधी कळेल.

तुमची
लेक