शेजारधर्म आणि वसईची बावखले

माननीय संपादक,

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक चर्चमध्ये वारंवार ऐकतो. पण वाड्यांतली बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी, एकामागून एक बुजवली जात असताना ही आज्ञा पाण्यालाही लागू आहे, हे आम्ही फारसे बोलत नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरवून विहिरी गोड ठेवणारे बावखल सातबाऱ्यावर एका कुटुंबाचे असले, तरी त्याचा ओलावा कुंपण ओळखत नाही. माझे बावखल मी बुजवले, तर पलीकडच्या हिंदू वाडवळ समाजातल्या मित्राची विहीर मचूळ होऊ शकते. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला येशूने उत्तर दिले ते जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या, परक्या मानलेल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगून. २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात सर्व समाजांच्या माणसांसोबत उभे राहिले, तेव्हा मला त्या गोष्टीचा खरा अर्थ कळला. प्रत्येक धर्मग्रामाने (चर्चच्या पॅरिशने) आपल्या हद्दीत उरलेल्या बावखलांची नोंद करावी आणि पावसाळ्यापूर्वी गाळ काढायला हिंदू, मुस्लिम शेजाऱ्यांनाही आग्रहाने बोलवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, वसई