ती. आई-बाबांना, गोव्याला जाण्याआधी

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या पोकरचा, म्हणजे पैसे लावून पत्ते खेळण्याचा, विषय निघाला की बाबा "हं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही, हे आधी सांगते. पण फेब्रुवारीत चार दिवस गोव्याला पोकर खेळायला जातेय. तिकीट काढलंय. दिवाळीत "बंद करते" म्हणाले ते आई, तुझे डोळे भरलेले बघवेनात म्हणून. खोटंच बोलले. तेव्हापासून टोचतंय.

ऑनलाइनचं मात्र खरंच संपलं. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदीचा कायदा आला, त्याच आठवड्यात मी खातं रिकामं केलं. आता वर्षातून तीनदा गोवा, बस.

बाबा, त्या रात्रीचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. माझ्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन बादशहा. हा डाव शंभर वेळा मांडला तर ऐंशीहून जास्त वेळा एक्के जिंकतात. त्यामुळे पैसे लावले हे चुकलं नव्हतं. शेवटच्या पानाला त्याला तिसरा बादशहा आला आणि मी हरले, त्यात कुणाचाच दोष नाही. चुकलं ते हे, की खेळायचे म्हणून ठेवलेले तीन लाख होते आणि त्यातले दीड लाख घेऊन मी एकाच टेबलावर बसले होते. पाचात एकदा तर हरायचंच असतं, आणि त्या एका वेळेची सोयच मी ठेवली नव्हती. मग दोन महिने घरी कमी पैसे पाठवले आणि "पगार लांबला" म्हणाले. चुकलं माझं. माफ करा.

त्यानंतर कितीतरी रात्री मला तुमची खाकी पाकिटं आठवायची. एक तारखेला प्रेसमधून आलात की जेलरोडच्या घरात दिवाणावर पैसे मांडायचे आणि पाकिटांवर नावं मी लिहायची. दूध, किराणा, फी, औषध, अडीनडी. "औषध"मधला ष मला जमायचा नाही, तुम्ही बोट धरून गिरवून घ्यायचात. निफाडच्या मामाचं झालं तेव्हासुद्धा तुम्ही फीच्या पाकिटाला हात लावला नाहीत. आई तेव्हा किती बोलली होती तुम्हाला.

आता माझंही तसंच आहे. तुमच्या औषधपाण्याचे पैसे वेगळ्या खात्यात, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा. खेळाचे चार लाख, त्याला आम्ही बँकरोल म्हणतो. दहा हजार घेऊन बसायचं तेच टेबल, म्हणजे एका बैठकीला चाळिसावा हिस्सा. ख्रिस फर्ग्युसन नावाच्या खेळाडूनं २००६मध्ये शून्यातून सुरुवात करून दहा हजार डॉलर जमवले, तो एका टेबलाला पाच टक्क्यांच्या वर जात नसे. मी त्याच्याही निम्म्यावर आहे. एका दिवसात दोनदा दहा हजार गेले की उठायचं. चाराचे अडीच लाख झाले की वर्षभर पत्त्यांना हात नाही. जिंकलेल्यावर ३० टक्के कर आहे आणि हरलेले त्यातून वजा होत नाहीत, म्हणून यावर घर चालवायचा विचारही मी करत नाही. ओळखीतल्या दोघांनी नोकऱ्या सोडल्या, मला चल म्हणाले. मी नाही म्हटलं.

मग कशाला खेळतेस, असं आई म्हणेल. आई, समोरच्यानं आत्ता का पैसे लावले हे ताडताना माझं डोकं जसं चालतं तसं दुसऱ्या कशातच चालत नाही. एवढंच कारण आहे.

गोव्याहून रोज रात्री नऊला फोन करीन. खोली चांगली आहे, खाली घरगुती खानावळ आहे, डाळ-भात मिळतो.

आता माझं ऐका. बाबा, थंडी आहे तोवर पहाटे मुक्तिधामच्या देवळात जाऊ नका, ऊन आल्यावर जा, कानटोपी घालून. बीपीची गोळी अर्धी करायची नाही. आई, न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला शनिवारी माणूस येईल, त्याचे पैसे दिलेत. "कशाला खर्च" म्हणून त्याला परत पाठवू नकोस.

आणि बाबा, परत आले की हिशेबाची वही तुमच्याकडे आणून देईन. लाल पेनानं तपासा, पूर्वीसारखी.

तुमची,
चिमू